गुड्डीचं अक्षर

"शाळेचं नाव काढलं का हिचं पोट दुखते. अन् भाकर दिसली का थांबते," चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता कुंताबाई पुटपुटली.

दारात चपला काढणाऱ्या करुणा मॅडमनी ते ऐकलं. त्यांना ऐकू जावं म्हणूनच ते म्हटलेलं होतं.

आंधळगावच्या या विणकरांच्या गल्लीत त्या बऱ्याच वर्षांनी येत होत्या. कुंताबाईच्या गुड्डीला त्यांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं. आता ती नववीत होती आणि दिवाळीपासून हायस्कूलला जात नव्हती. मुलीला शिक्षणात रुची नाही, असा तिकडचा निरोप आला होता. ती मॅडमचा शब्द मोडायची नाही, म्हणून बाप टेकचंदनं त्यांनाच बोलावलं.

"बसा मॅडम," तो हातमागावरूनच म्हणाला. "तुमच्या हाताखाली किती हुशार होती पोट्टी. मोबाइलनं बिघडवली."

"घरात मोबाइल एक. तो तुमच्या खिशात," कुंताबाई नवऱ्याला म्हणाली.

गुड्डी भिंतीला टेकून एका जुन्या लुगड्याच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवत होती. हे काम तिच्याकडे लहानपणापासून होतं. विणकराच्या घरात जे हुबेहूब उतरवता आलं, ते आलं. त्याच नजरेनं टेकचंदनं पोरीच्या वह्या पाहिल्या होत्या. फळ्यावरचा काना न् काना जागेवर. म्हणजे पोरगी शिकली. त्यापलीकडे त्याला तपासता येत नव्हतं.

करुणा मॅडमना येत होतं. चौथीत रोजचा सुविचार त्या कागदावर लिहून द्यायच्या आणि गुड्डी तो फळ्यावर उतरवायची. तपासणीच्या साहेबांनी ते अक्षर पाहून शाळेला शाबासकी दिली, मॅडमनी ती घेतलीही. मोठ्यानं वाचायची पाळी गुड्डीवर आली की त्या तिच्या शेजारणीला उठवत. नापास तर कोणालाच करायचं नव्हतं. पुढच्या वर्गात जमेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुढच्या वर्गाच्या गुरुजींनीही बहुधा तेच सांगितलं असावं.

मॅडमनी पिशवीतून गोष्टींचं पुस्तक काढलं. "तुझ्यासाठी आणलं." दुसरं काय न्यावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

टेकचंद खूश झाला. "वाच बरं एक पान मॅडमसमोर. वाचलं का मन लागन."

"राहू द्या हो, नंतर वाचेल ती," मॅडम घाईनं म्हणाल्या.

"डोळे दुखून राहिले तिचे," कुंताबाई म्हणाली. तिचा चरखा एकाएकी जोरात फिरू लागला.

"सकाळी पोट, आता डोळे. वाच नं वो बेटा, आपल्याच मॅडम हायेत. लाज कायची?" टेकचंद म्हणाला.

गुड्डीनं पुस्तक उघडलं. बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं. एका अक्षराच्या वळणावरून तिचं बोट आपसूक फिरलं. मग तिनं पुस्तक मिटलं, ओढणीनं पुसलं आणि मॅडमच्या मांडीवर ठेवलं.

"मले वाचता येत नाही, बाबा," ती म्हणाली.

मग ती मॅडमकडे वळली, आणि त्यांचीच समजूत काढावी तशी हळूच म्हणाली, "चौथीतबी येत नव्हतं. नाही का, मॅडम?"