त्या दुपारचा गडगडाट माझा नव्हता

परीक्षकसाहेब, तुम्ही न ऐकता निकाल दिलात. हे तुमच्या तोंडावर म्हणायला कुणी आलं नाही, म्हणून मी म्हणतो. मी एक जुना पत्रा आहे. पत्र्याला कसली आली भीडभाड?

मित्रांनो, तुम्हीही ऐका. नाटकमंडळीच्या सुतारकाकांनी मला भंगारातून उचललं. माझ्या कडा कानशीने घासल्या, खालच्या अंगाला दोन लाकडी मुठी ठोकल्या आणि रंगमंचामागच्या तुळईला मला टांगलं. नाटकात वादळ आलं की काका मला हलवत. आधी नुसतं मनगट, मग कोपर, मग अख्खा खांदा. ढग लांबून गुरगुरत यायचा आणि छपरावर फुटायचा. वीस वर्षं मी असा गरजलो. आवाज माझा होता, पण वादळ काकांच्या हातातलं.

मी सगळ्यांनाच आवडायचो असं नाही. पहिल्या रांगेत एक निवृत्त पोस्टमास्तर बसत, कानांत कापूस घालून. शेजारी त्यांची बायको.

"गडगडाट ऐकायला तिकीट काढतेस होय? घरी चार पातेली पाडून दाखवतो," मास्तर म्हणायचे.

"पाडा की. मग घासायचीही तुम्हीच. माझ्या अंगावर काटा येतो तो इथेच."

भांडत यायचे, भांडत जायचे, आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा हजर. मास्तरांचा मला कधी राग आला नाही. त्यांनी कापूस घातला, तोही मला ऐकून.

मग स्पर्धा आली. कार्यक्रमपत्रिकेत काकांचं काम पहिल्यांदाच छापलं गेलं. 'गडगडाट : सुतारकाका (पत्रा)'. काकांनी ती पत्रिका घडी न घालता घरी नेली.

प्रयोग दुपारचा होता. बाहेर आभाळ भरून आलेलं. शेवटच्या प्रवेशात आई दार उघडून मुलाची वाट बघते आणि गडगडाट होतो. काकांनी माझ्या मुठी धरल्या, आणि तेवढ्यात खरेच ढग गडगडले. अगदी वेळेवर, नाट्यगृहाच्या डोक्यावर. मी थरथरू नये म्हणून काकांनी मला दोन्ही तळव्यांनी छातीशी दाबून धरलं.

"गप," ते कुजबुजले, "आज थोरल्याची पाळी आहे."

पडदा पडल्यावर मास्तरांची बायको मागे आली. "काका, आज पत्र्याला सुट्टी होती का?"

"कशावरून म्हणता?"

"तुमचा ढग लांबून येतो. आजचा मेला एकदम डोक्यावरच फुटला."

काकांना इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी परीक्षकांचा शेरा आला. दिग्दर्शकांनी वाचून दाखवला. 'पत्र्याचा गडगडाट उघड खोटा वाटतो. त्याने शेवटचा प्रवेश कोसळला.'

"अहो, पण आपण पत्रा हलवलाच नाही," काका म्हणाले.

"ठाऊक आहे हो. पण सांगायचं कुणाला? म्हणतील, हरले आणि आभाळाला साक्षीला आणलं."

पुढच्या प्रयोगाला यंत्रातून गडगडाट आला. काकांनी खिळ्यांचा डबा आवरला आणि यायचे बंद झाले. माझ्या मुठी उपटून मला मागच्या मोरीवर छप्पर म्हणून ठोकलं. मुठींच्या जागी भोकं राहिली आहेत, त्यांतून पाणी गळतं आणि मी शिव्या खातो. मास्तर आता कापूस आणत नाहीत. पण परवा मोरीवर हात धुताना बायकोला म्हणाले, "काहीतरी चुकल्यासारखं वाटतं गं."

काका एकदाच आले. बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केली, कान लावला. "आहेस अजून," म्हणाले. तेव्हाच त्यांच्या तोंडून कळलं, त्यांनी तुम्हाला पत्र धाडलंय, साहेब. उत्तर आल्याशिवाय ते विंगेत पाऊल ठेवणार नाहीत. त्याला तीन पावसाळे झाले. पाऊस त्याला हवं तसं मला बडवून जातो. मी वाट पाहतो ती त्या दोन तळव्यांची.

मित्रांनो, कुणाचं काम आवडलं नाही तर खुशाल सांगा. कानांत कापूस घाला. पण आधी कान द्या. एवढं तरी जपा.

आणि साहेब, मी तुम्हाला आवडलो नसतो तरी चाललं असतं. पत्रात काकांनी एकच विचारलंय, तेच मी विचारतो. त्या दुपारी तुम्ही गडगडाट ऐकलात, की पत्रिकेतला 'पत्रा' वाचलात? उत्तर द्या. मला नको, काकांना. तुमच्या अक्षरात, खाली सही करून.