मागची सीट

तिने पट्टा आवळला, सैल वाटला म्हणून पुन्हा आवळला. विमान अजून जमिनीवरच होतं. चारच माणसांचं, एका इंजिनाचं. पुढे डावीकडे तिचा नवरा, उजवीकडे त्याची परीक्षा घेणारी कॅप्टन, वयाने त्यांच्या मुलीएवढी. मागे ती आणि तिची पर्स. पर्समध्ये तिने कुणाला न सांगता एक प्लॅस्टिकची पिशवी घडी करून ठेवली होती.

“काका, निघण्याआधी एक विचारते,” कॅप्टन म्हणाली. “आठ वर्षांपूर्वी चाकं टेकून विमान उसळलं, तेव्हा पुन्हा वर का नाही गेलात?”

“मस्ती. दुसरं काय?”

हेच उत्तर त्याने चौकशीत दिलं होतं, मुलीला दिलं होतं, क्लबातल्या मित्रांनाही दिलं होतं. उसळलेलं विमान त्याने तसंच दामटून खाली बसवायला पाहिलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक जमिनीला घासत गेलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या तिचं मनगट मोडलं. मग तो विमानाच्या वाटेलाच गेला नाही. जावयाने जेवताना चेष्टा केली, थोरल्या भावाने चारचौघांत कानउघाडणी केली, त्याने सगळं निमूटपणे ऐकून घेतलं. ती समोरच असायची, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

कारण त्या दिवशी पोटात ढवळून ती अर्धमेली झाली होती आणि म्हणाली होती, “अहो, आता उतरवा एकदाचं.” त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं, आणि उतरवलं होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्यापाशीही कधी विषय काढला नव्हता. आपल्या गप्प बसण्याची तिला लाज वाटायची, आणि जितकी वर्षं गेली तितकी जास्त वाटायची.

आज तीनदा उतरून दाखवायचं होतं. कॅप्टनने सही दिली तर त्याला पुन्हा एकट्याने उडता येणार होतं. नाही दिली तर बासष्टाव्या वर्षी हा माणूस दुसऱ्यांदा विचारायला यायचा नाही, हे ती ओळखून होती. काकूंना मागे बसवा, ही अट कॅप्टनचीच. वजन लागतं म्हणाली.

पहिल्या दोन वेळा विमान अलगद टेकलं. तिसऱ्या खेपेला वारा आडवा झाला. एक पंख खाली गेला, मग दुसरा. तिच्या घशाशी आंबट आलं, तिने पर्समधली पिशवी बाहेर काढली. चाकं धाडकन टेकली आणि विमान उसळलं.

तेव्हाच त्याची मान वळली. अर्धीच, पण तिला कळलं. तो धावपट्टी सोडून तिच्याकडे बघत होता.

तिने पिशवी धरलेला हात पदराखाली घेतला आणि चेहऱ्यावर होतं नव्हतं तेवढं हसू आणलं.

“मी मजेत आहे,” ती माइकमध्ये म्हणाली. “अजून एक चक्कर होऊ दे की.”

त्याने मान पुढे केली. इंजिन पूर्ण जोरात गरजलं, जमीन खाली राहिली. तिने कानावरचे हेडफोन काढले, खाली वाकली आणि जे व्हायचं ते पिशवीत होऊ दिलं. वर आली तेव्हा दोघंही समोर बघत होते. सुटले, तिला वाटलं.

चौथ्यांदा विमान नीट उतरलं. इंजिन बंद झाल्यावर कॅप्टन कागद मांडीवर घेऊन म्हणाली, “मला हेच बघायचं होतं, काका. उतरता सगळ्यांना येतं.”

तो खाली उतरला, मागे आला आणि झाकण काढलेली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

“चूळ भर.”

डबीएवढ्या विमानात वास लपतो थोडाच. तिने चूळ भरली, तोंड पुसलं. मग कॅप्टनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “त्या दिवशी मस्ती वगैरे काही नव्हती. उतरवा म्हणून मी मागे लागले होते.”

कॅप्टनचं पेन थांबलं.

“हवेत निर्णय माझा असतो,” तो म्हणाला. “तू काहीही म्हण.”

“पण आठ वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलंत. एकदा तरी सांगायचं.”

त्याने तिचं डावं मनगट हातात घेतलं. जुन्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

“हात तुझा मोडला,” तो म्हणाला. “बोलणी तरी मी खायला नकोत?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. कॅप्टन खाली मान घालून बराच वेळ सही करत राहिली.

“पुढच्या वेळी,” ती नवऱ्याला म्हणाली, “मी पुढे बसणार.”