नवी झाले आणि कामातून गेले

मी शिलाई मशीन बोलतेय. हो, हीच, हिरवीगार, डोक्यावर फुलदाणी घेतलेली. पाहुणे म्हणतात, "वा, अगदी नव्यासारखी!" तेव्हा माझ्या अंगाची आग होते. पण मला तोंड कुठाय? एक सुई होती, तीही काढून ठेवलीय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशीच हिरवी होते. मावशीने मला घेतलं. पुढे रंगाचे टवके उडाले, तेव्हा तिनेच ब्रश घेऊन मला काळं फासलं. "आता मळ दिसायचा नाही," म्हणाली. बाई तोंडाची फटकळ, पण तिच्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. अख्ख्या गल्लीचे पडदे आणि अभ्रे आम्ही दोघींनी शिवले.

मग तिचे डोळे अधू झाले. आधी सुईचं नेढं दिसेना, मग सुई, मग मी. मावशी डगमगली नाही. थोडं दिसत होतं तेव्हाच तिने सुईच्या उजवीकडे, माझ्या लोखंडी पाटीवर, लाखेचा एक थेंब टाकून ठेवला होता. कापडाची कड त्या थेंबाला घासत जायची. घासून घासून त्याला खाच पडली, आणि त्या खाचेतून कड आपोआप सरळ सरकायची. बघायची गरजच उरली नाही.

हे तिने कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं, तर भाच्याने दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडं बांधलं असतं. तो आला की तेच टुमणं लावायचा, "मावशी, एकटी कशाला राहतेस? चल माझ्याकडे."

"तुझ्याकडे येऊन काय माशा मारू?"

भाचा गुणी हो, वाईट नाही. मावशी बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा त्याने मला उचलून कारागिराकडे नेलं. मावशीला चकित करायचं होतं ना! कारागिराने काळा रंग खरवडला. "मूळचा हिरवा आहे, साहेब."

"मग हिरवाच द्या. होती तशी करा, अगदी पहिल्यासारखी."

"आणि ही लाख? राहू दे?"

"घाण कशाला ठेवता?"

मी जीव खाऊन ओरडले. साधं चाकसुद्धा करकरलं नाही, नुकतंच तेल घातलं होतं.

मावशी परत आली. भाच्याने तिला माझ्यासमोर उभं केलं. तिचा हात पाटीवर आला, थेंब शोधत फिरला, पुन्हा फिरला.

"कशी दिसते, मावशी?"

"छान. काळीभोर."

तो आधी हसला, त्याला वाटलं टोमणा असेल. मग त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "मावशी... ही हिरवी आहे गं."

"कापड दे इकडे," ती म्हणाली. शिवायला बसली. टीप वाकडी होत होत कापडाबाहेर गेली. "इथला लाखेचा थेंब कुठे गेला? त्याच्याच आधाराने शिवत होते मी."

भाचा धावत जाऊन लाख घेऊन आला. जुन्या अभ्र्यावरून माप घेऊन त्याने नेमक्या जागी थेंब टाकला. पण तो टेंगळासारखा गोल. कड त्याच्यावर चढायची नि घसरायची. बाकी सगळं आणता येतं, झीज कुठून आणणार?

"चुकलं गं माझं," त्याला रडू फुटलं.

"तिला तरुण केलंस, बाबा. आता या म्हातारीशी तिचं कसं जमायचं?"

ती हसली. गाठोडं मात्र बांधलं गेलं.

आता आम्ही भाच्याच्या बैठकीच्या खोलीत आहोत. मावशीच्या बोटाला लागेल म्हणून सुई काढलीय. लोकांनो, कुणाचं काही पहिल्यासारखं करायला नेण्याआधी, ते रोज वापरणाऱ्याला एकदा विचारा एवढंच.

दुपारी घर रिकामं झालं की मावशी उठते. चाचपडत फुलदाणी बाजूला ठेवते, कापडाचा तुकडा घेते आणि त्याची कड लाखेवर घासत बसते, पुढे-मागे, पुढे-मागे. मध्येच थांबून बोटाने बघते. लाख गोलच असते. ती पुन्हा घासायला लागते.

मी काय करणार? मी आपली त्या लाखेला मनातल्या मनात विनवते, झीज गं बाई, लवकर झीज.