केसाएवढी चीर

मी एक जुना बांबू आहे. मित्रांनो, पहिल्याच वाक्यात थाप मारली, राग मानू नका. बांबूउडीच्या मैदानावर मला सगळे बांबूच म्हणतात, पण माझ्या सात पिढ्यांत कुणी बांबूच्या बेटात वाढलेलं नाही. मी काचेच्या धाग्यांचा. कारखान्यात काचेचं कापड एका लोखंडी गजावर गुंडाळलं, त्याला चिकट राळ चोपडली आणि मला भट्टीत भाजून काढलं. मग आतला गज ओढून घेतला. तेव्हापासून मी आतून पोकळ आहे, आणि पोकळ असणारे बोलतात फार, हे तुम्ही पाहिलंच असेल.

एका कारागिराने मला दोन टोकांवर टेकवलं आणि मधोमध वजन टांगलं. मी किती वाकतो ते डोळे बारीक करून पाहिलं. शेजारच्याला म्हणाला, "हा समजूतदार निघाला. वाकतोय, पण लगेच सरळ होतोय." त्याने माझ्या अंगावर वजनाचा आकडा लिहिला. तेवढ्या वजनापर्यंतच्या माणसाला मी उचलायचं, त्याहून जड माणसाने माझ्या वाटेला जायचं नाही, असा आमच्यात कायदा आहे.

'मोडेन पण वाकणार नाही' असं छाती फुगवून सांगणारे तुम्हाला भेटले असतील. बोलायला बरं आहे. आमच्या धंद्यात तसं बोलणाऱ्याला पहिल्याच दिवशी भंगारात टाकतात. आम्ही वाकतो, म्हणून माणूस आभाळाकडे जातो.

मला विकत घेतलं ते ताईच्या भावाने. मैदानावरची लहानमोठी सगळी पोरं तिला ताईच म्हणत, आणि तिचा भाऊ त्या सगळ्यांचा मास्तर. स्वतः तोही एके काळी उड्या मारायचा. खांदा निखळला आणि त्याने आपली सगळी हौस बहिणीच्या पायांत ओतली.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. माझं डोकं स्वयंपाकघरात आणि पाय गॅलरीत. त्यांची आई माझ्यावर ओले टॉवेल टाकायची आणि म्हणायची, "उद्या या घरात जावई आला तर बसेल कुठे? या बांबूच्या मांडीवर?"

"बसू दे की," ताई म्हणायची. "वजन आकड्यात बसलं पाहिजे, एवढंच."

ताई पाय टाकत धावत यायची, धावपट्टीच्या टोकाला जमिनीत बसवलेल्या पेटीत माझं टोक रोवायची, आणि मी धनुष्यासारखा वाकायचो. मग मी सरळ होता होता तिला वर भिरकावायचो. वरच्या आडव्या दांडीला न शिवता ती पलीकडच्या जाड गादीवर पडायची. एकदा ती इतकी उंच गेली की एका घारीने अंग चोरून तिला वाट दिली. पंचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी ही वरच! यातलं अर्धं खरं माना. उरलेल्या अर्ध्याचं घारीला विचारा.

पण एक गोष्ट सोळा आणे खरी. उडी चुकून दांडी खाली आली की ताई स्वतः उठून ती उचलायची आणि मैदानावरच्या माणसांच्या हातात द्यायची. "आपण पाडली, आपण उचलायची," म्हणायची. आणि प्रत्येक उडीआधी माझ्या अंगावरून टोकापासून टोकापर्यंत तळवा फिरवायची, आई तापलेल्या लेकराचं अंग बघते तशी. तिला बक्षिसं मिळत गेली, तिचे फोटो छापून आले. फोटोत मी बहुतेक वेळा अर्धाच असायचो. चालायचंच.

वर्षं गेली. ताईचा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा एक हंगाम. पुढे मी जबाबदार नाही." नेमकी त्याच हंगामात जगातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेसाठी निवड होणार होती आणि बांबूउडीला जागा होती एकच. ताई तिथे कधीच पोचली नव्हती. आता नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 

निवडीच्या दिवशी ताईने आम्हां तिघांना नेलं. पहिल्या उड्यांपुरता मऊ स्वभावाचा मवाळ, मधला मी, आणि तिसरा दांडगा. दांडगा फारसा वाकायचाच नाही. त्याला वाकवायला जो वेग लागतो तो ताईच्या गुडघ्यात आता उरला नव्हता. म्हणजे खरी भिस्त माझ्यावरच होती.

तिच्या तोडीची मुलगी एकच होती. काटकुळी, उंच, सगळे तिला सुतळी म्हणत. स्पर्धा सुरू व्हायच्या तोंडावर ती रडत आली. तिचे बांबू बसच्या टपावर बांधले होते आणि ड्रायव्हरने बस थेट मैदानाच्या कमानीखालून आत घातली होती. सगळ्यांचे तुकडे.

"ड्रायव्हर म्हणतोय, मला वाटलं पडद्याच्या काठ्या आहेत," ती हुंदके देत पंचबाईंना सांगत होती.

पंचबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचा बांबू चालतो, पण त्या खेळाडूची परवानगी लागते. तुझ्या वजनाला चालेल असा कुणाकडे आहे?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ताई आणि सुतळी यांच्या वजनात उन्नीस-बीसचाच फरक होता.

"माझा घे," ताई म्हणाली. "पाळीपाळीने वापरू."

मास्तरने तिला बाजूला ओढलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जागा एक आहे, एक! देवाने दार उघडलंय आणि तू उठून कडी लावतेस?"

"दादा, देवाने नाही, ड्रायव्हरने."

"थट्टा करू नकोस!"

"थट्टा नाही. मला सुतळीला हरवायचंय. बसवाल्याला हरवून मी तिकडे जाऊन काय सांगू?"

मास्तर मागे सरला. पण त्याच्या कपाळाची शीर मला दिसत होती.

मित्रांनो, खरं सांगतो, मीही काही साधुसंत नव्हतो. मनात आलं, या परक्या पोरीला अशी आपटावी की पुन्हा माझं नाव काढणार नाही. तेवढ्यात तिने मला हातात घेतलं. तिचे तळवे गार पडले होते. ताई तिला सांगत होती, "मी हात धरायला पट्टी गुंडाळलीय ना, तिच्या चार बोटं खाली धर. आणि दांडीकडे बघू नकोस. ती कुठे पळून जात नाही." सुतळी धावली, तिने मला पेटीत रोवलं आणि आपला सगळा भार माझ्यावर टाकला. सगळा! अशा विश्वासाने कुणी अंगावर रेललं की न वाकणं फार अवघड असतं. मी वाकलो.

त्या दुपारी मी दोघींना आळीपाळीने उडवलं. सुतळी उडी झाली की मला टॉवेलने पुसून, दोन्ही हातांनी, परत आणून द्यायची. दांडी वर वर सरकत गेली. बाकीच्या मुली एकेक करून बाहेर पडल्या. शेवटी दोघीच राहिल्या आणि दांडी अशा उंचीवर आली, जिथे दोघींपैकी कुणीच आधी गेलं नव्हतं.

प्रत्येकीला तीन संधी. ताईची पहिली गेली, सुतळीचीही गेली. ताईची दुसरीही गेली. पोटरी दांडीला जरा घासली आणि दांडी विचार करून करून खाली पडली. मग सुतळी धावली. मी तिला वर सोडलं आणि ती दांडीवरून अशी गेली की दांडीला वाराही लागला नाही.

मैदान ओरडलं. सुतळी गादीवरून उतरली आणि नेहमीसारखं मला पुसून मास्तरकडे घेऊन आली. "हा घ्या, मास्तर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. मास्तरने मला तिच्या हातातून हिसकावलं आणि जमिनीवर आपटलं.

मी पडलो तो खेळाडूंच्या पिशव्यांपाशी. तिथे खिळ्यांचे बूट उलटे पडले होते. एक खिळा माझ्या कुशीत घुसून निघाला. केसाएवढी चीर, लांबून कुणाला दिसणारही नाही.

आता ताईची तिसरी, शेवटची संधी. पार केली तर सामना पुढे चालणार होता, नाही तर सगळं संपणार होतं. तिने मला उचललं आणि तळवा फिरवायला सुरुवात केली. मधोमध आल्यावर तिचा हात थांबला.

"दादा, हे काय?"

मास्तर वाकला. बोटाने चाचपलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पण उडीच्या वेळेचं घड्याळ सुरू होतं आणि तो पट्कन बोलून गेला, "एवढंसं तर आहे. हाच घे. टिकला तर टिकला, आणि मोडला तर ती उडी धरत नाहीत. आणखी एक मिळेल."

हा नियम खरा आहे, मित्रांनो. उडताना बांबू मोडला तर ती संधी वाया जात नाही. पण उंचावर मोडलेला बांबू माणसाला कुठे फेकेल, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं.

"आणि मी मोडले तर?" ताईने विचारलं.

मास्तरने बुटांकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं. कुणी केलं ते विचारायची गरज उरली नाही. दुपारभर परकी पोरगी माझ्यावर लटकली होती, तिने मला ओरखडासुद्धा काढला नव्हता. मला जखम झाली ती घरच्या रागाने.

ताईने मला जमिनीवर ठेवलं, हळूच. म्हणाली, "दांडगा दे."

ती धावली. इतकी जोरात धावलेली मी तिला गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. दांडगा वाकला, पण हवा तेवढा नाही. ताई वर गेली आणि दांडीवरच उतरली. ती आणि दांडी, दोघी मिळून गादीवर पडल्या. थोडा वेळ ती आभाळाकडे बघत पडून राहिली. मग उठली, दांडी उचलली, माणसांच्या हातात दिली.

सुतळी धावत आली. "ताई, बांबूला काय झालं? माझ्यामुळे झालं का?"

"छे गं. म्हातारा झालाय तो," ताई म्हणाली आणि तिने सुतळीला जवळ घेतलं.

आजवर इतक्या थापा मारल्या मी, पण माझ्याबद्दल कुणी मारलेली ही सगळ्यांत मोठी थाप.

आता तुम्हाला वाटेल, ताई म्हणजे देवीच. तसं काही नाही. घरी आल्यावर तिने खोलीचं दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. कित्येक दिवस ती भावाशी बोलली नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढायची आणि भिंतीला सांगायची, "या घरात आता बांबू तेवढा शहाणा उरलाय." मास्तरने मैदानावर जाणं सोडलं. मी आता गॅलरीत उन्हात पडून असायचो. अंगावर धूळ साचली. ओले टॉवेलसुद्धा कुणी टाकेना. कामाच्या वस्तूला काम नसलं की रात्र आणि दिवस सारखेच लांब होतात.

मग एका सकाळी ताई सुतळीला हाताला धरून घरात घेऊन आली. मास्तर खाटेवर बसला होता.

"दादा, ऊठ. हिला मोठ्या स्पर्धेला जायचंय आणि शिकवायला कुणी धड नाही."

मास्तर खाली बघत म्हणाला, "मी? माझ्या हातांनी काय केलं, पाहिलंस ना?"

"पाहिलं. तसं ते हात आता पुन्हा करणार नाहीत. इतका महाग पडलेला मास्तर असा घरात बसवून ठेवायला मला परवडत नाही."

 आतून आईचा आवाज आला, "पोरी, चहा घेतेस का? हे दोघं काही विचारायचे नाहीत."

मास्तर उठला. तोंड धुतलं. आणि सुतळीला म्हणाला, "दांडगा वाकवायला शिकायचं असेल तर आधी पळायला शिकावं लागेल. चल."

इथे एक थाप ठोकून सुतळीच्या गळ्यात सुवर्णपदक घालणं मला काही जड नव्हतं. पण ताईच्या गोष्टीत खोटं शोभत नाही. सुतळी जगात आठवी आली. फोन आला तेव्हा मास्तर दोनदा म्हणाला, "आठवी? जगात?" आणि मग त्याने तो फोन ताईच्या हातात दिला. ताईचा गुडघा तोवर पायऱ्या चढतानाही दुखू लागला होता. ती फोनवर हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्यानंतर एके दिवशी मास्तर करवत घेऊन माझ्यापाशी आला. चिरेच्या अलीकडे त्याने खूण केली आणि मला कापलं. दुखलं, नाही कशाला म्हणू? लहान पोरांना बांबू रोवायला शिकवताना आखूड काठी लागते. तेवढं माझं अंग अजून धड होतं. कापून झाल्यावर तो उठला नाही. काचकागद घेऊन माझी कापलेली कड घासत बसला. काचेचं कुसळ लेकरांच्या बोटांत जातं, म्हणून तो घासत राहिला, बोट फिरवून बघत राहिला, पुन्हा घासत राहिला.  त्या दिवशी मी त्याच्यावरचा राग सोडला.

आता मी आखूड आहे. रोज नव्या पोरांच्या हातात असतो. ती मला टाकतात, तुडवतात, माझी तलवार करतात. मोठे खेळाडू पाहून उंच कसं जायचं ते तुम्ही शिकालच, ते शिकवणारे पुष्कळ आहेत. या कापलेल्या म्हाताऱ्याचं एवढंच ऐका, मित्रांनो. राग यायचाच, त्याला कुणी अडवू शकत नाही. तो आला की हातात जे असेल ते आधी हळूच खाली ठेवा, आणि मग रागवा.