सूटकेस नेण्यास मनाई

आमच्या खोऱ्यात माणूस पन्नास वर्षांचा झाला की त्याला अब्राहाम भेटतो. बाईला सारा भेटते. भेटते म्हणजे गावकरी पेंढ्याचं बुजगावणं करून सकाळी सकाळी दारात आणून बसवतात आणि सोबत रस्त्याच्या पाट्या ठोकतात. लाल गोलात ५० तर असतोच, बाकीच्या जितक्या वाह्यात सुचतील तितक्या. या पाट्या करते मी. रस्ते खात्याच्या शेडमध्ये अठरा वर्षं मी खऱ्या पाट्या करत होते आणि उरलेल्या पत्र्यावर खोट्या. ‘पुढे सासू आहे, वेग कमी करा.’ ‘हॉर्न वाजवू नये, घरधनी लग्नापासून झोपलेले आहेत.’ एका मास्तरांच्या दारात मी त्रिकोणी पाटी लावली होती, मास्तर पुढे आणि बायको लाटणं घेऊन मागे. बाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण पाटी अजून त्यांच्या कोठारावर आहे.

खऱ्या पाट्यांसाठी मला कधी कोणी शाबासकी दिली नाही. खोट्यांसाठी मात्र खालच्या गावांतूनही माणसं यायची. मार्जेताच्या जिभेला धार आहे म्हणायचे. धार येणारच, रोज दगडावर घासली तर.

एप्रिलच्या शेवटी लोयझे माझ्या टेबलापाशी आला. लोयझे शाळेत माझ्या बाकावर बसायचा, शेडमध्ये शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख असल्यामुळे सगळ्या चावट कामांचाही प्रमुख होता. म्हणाला, वरच्या वाडीतला लुडविक मे महिन्यात पन्नाशीचा होतोय, सात पाट्या हव्यात, मजकूर तूच ठरव. लुडविक तीस वर्षं सांगत होता की मी अर्जेंटिनाला काकाकडे चाललो. अजून तो तालुक्याच्या दंतवैद्याकडेसुद्धा गेलेला नव्हता.

त्या पाट्या मी अगदी मन लावून केल्या, त्याला कारण होतं. मी स्वतः निघाले होते. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, ऑक्टोबरात गेली. त्यानंतर मी समुद्रकाठच्या कोपर शहरात एका छोट्या कारखान्यात नोकरी शोधली. बंदराच्या पाट्या करायच्या, वर खोली मिळणार. मालक फोनवर म्हणाला होता, अठरा मेला बरोबर बाराला येऊन सही करा, साडेबाराला मी गाव सोडतो, तुम्ही आला नाहीत तर दुसरी बाई तयारच आहे. अठरा मे म्हणजे माझा पन्नासावा वाढदिवस. मला तो शकुन वाटला.

गावात मी कोणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे एकाला सांगितलं की ती सभा होते, आणि सभेत तुमच्याबद्दल तुम्ही सोडून सगळे बोलतात. आईचं वर्ष व्हायचं होतं म्हणून साराबिरा काही नको, हेही मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. त्यामुळे लुडविकच्या पाट्या रंगवताना मी एकटीच हसत होते. मी सुटले होते ना, मग अडकलेल्याला चिमटे काढायला काय जातंय.

अठरा तारखेला सकाळी सात वाजता मी सूटकेस घेऊन फाटक उघडलं. समोर खुर्चीत सारा बसली होती. तिला माझा जुना एप्रन घातला होता, हातात ब्रश दिला होता आणि छाती इतकी भरली होती की पेंढा बाहेर आला होता. तिच्या बाजूला पहिली पाटी होती, लाल गोल, आत सूटकेस, तिच्यावर तिरका पट्टा. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘सूटकेस नेण्यास मनाई. पिशवी चालेल, संध्याकाळी परत आणणार असाल तर.’

मी हातात सूटकेस घेऊन तिच्यासमोर उभी होते. कुंपणामागून सगळं गाव बाहेर आलं. एकाने अकॉर्डियन सुरू केला आणि जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. त्यांना वाटलं मला आधीच कळलं होतं आणि मी मुद्दाम सूटकेस घेऊन आले. असा विनोद फक्त मार्जेतालाच सुचणार, असं कोणीतरी म्हणालं.

“मी खरंच चाललेय,” मी म्हणाले.

हशा दुप्पट झाला. मी म्हणाले, कोपरला नोकरी लागलीय, बाराला पोचायचंय. एकाने डोळे पुसले. दुसरा म्हणाला, बघ, चेहराही हलत नाही हिचा. मी जितकं खरं बोलावं तितकी ती नक्कल चांगली वठत होती. अठरा वर्षं लोकांची थट्टा करण्याचा हा मेवा मला एकाच सकाळी मिळाला.

रीत अशी आहे की पन्नाशीच्या माणसाने प्रत्येक पाटीपाशी थांबायचं, पाटी सांगेल ते करायचं, पेअरच्या दारूचा घोट घ्यायचा आणि पुढे जायचं. पाटी मोडली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गावातून बाहेर जायला एकच रस्ता, तो पुलावरून जातो, आणि पुलावर लोयझेने आगीचा बंब आडवा लावून ठेवला होता. माझी गाडी त्याच्या अलीकडे. पण आठ वीसची बस पुलाच्या पलीकडे थांबते. मी मनात हिशेब केला की तासाभरात सात पाट्या उरकते, बंबाच्या कडेने पुलापार होते आणि बस धरते. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसऱ्या पाटीवर निळ्या गोलात बाण होता, ‘सक्तीचं वळण: घरी.’ म्हणजे अंगणाला फेरी मारून परत यायचं. मग ‘अर्जेंटिना, १२००० किमी. आधी कोंबड्यांना दाणे टाका.’ मी टाकले. ‘आयुष्यभर पार्किंग, फुकट.’ इथे दहा मिनिटं बाकावर बसायचं होतं, आणि मला बसवून त्यांनी पोतित्सा भरवला, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, आईच्याच पाककृतीने केलेला. दारू मी जिरेनियमच्या कुंड्यांना पाजली. प्रत्येक पाटी मीच लिहिली होती आणि लुडविकसाठी लिहिताना ती केवढी मजेदार वाटली होती. लुडविक स्वतः टाळ्या वाजवत होता. तो पन्नाशीचा पुढच्या वर्षी होणार होता.

आठ वीसला मी पाचव्या पाटीपाशी होते, ‘सावधान, पुढे जग आहे,’ तेव्हा बस पुलापलीकडे आली. मी सूटकेस उचलून पळत सुटले. मागून सगळे ओरडले, पाटी मोडली, पहिल्यापासून. ड्रायव्हर नवीन होता. बंब बघून तो खाली उतरला आणि पुलाच्या त्याच्याकडच्या टोकाला लावलेली सातवी पाटी लांबूनच वाचली. ही पाटी मी खऱ्या परावर्तक कागदावर केली होती, खऱ्या मापाची, खऱ्या खांबावर. ‘रस्ता संपला.’ त्याखाली बारीक अक्षरात ‘घरी जा, सूप गार होतंय’ असं होतं, पण तेवढं वाचायला तो जवळ आलाच नाही. त्याने टोपी सारखी केली, नियमाप्रमाणे बस वळवली आणि गेला. मी पुलावरून हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आल्या नाहीत. माझं काम चांगलं असतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मान्य केलं होतं.

मी पुलावरच बसले. गावकरी हसत हसत मागे आले, ते मला परत पहिल्या पाटीपाशी न्यायला, आणि तासभर गाणी म्हणत मला उठवत राहिले. सगळ्यांत पुढे शेजारची मिंका मावशी होती, त्र्याऐंशी वर्षांची. लाडाने तिने माझी सूटकेस उचलायला घेतली आणि वजन बघून तशीच खाली ठेवली. मग वाकून झिप थोडी उघडली आणि आत हात घातला.

“हिचा हिवाळ्यातला कोट आहे आत,” ती म्हणाली. “मे महिन्यात थट्टेला कोणी कोट भरत नाही रे.”

अकॉर्डियन बंद झाला. आईचा फोटोही कोटातच गुंडाळलेला होता, तोही तिने पाहिला असणार, पण ती त्याबद्दल बोलली नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता शिव्या बसतील, पण ते ओशाळले, आणि ते जास्त जड गेलं. कोणी म्हणालं, बाई, सांगायचंस तरी. कोणी म्हणालं, बंब काढा, हिची गाडी जाऊ द्या, अजून वेळ आहे. साडेनऊ व्हायला आले होते. कोपर अडीच तास. आत्ता निघाले असते तर अगदी काठावर पोचले असते.

“लोयझे, बंबाची किल्ली दे,” मी म्हणाले.

लोयझे बंबाला टेकून उभा होता. त्याने खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला.

“दहा वाजू दे,” तो म्हणाला.

“दहा कशाला?”

बाकीच्यांना काही कळलं नाही. मला कळलं. दहानंतर निघून बाराला कोपर गाठता येत नाही. बाराचं मी एकाच वाक्यात बोलले होते, ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, आणि तेव्हा तो पुलावर होता, फाटकापाशी नव्हता.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“तुझ्या त्या मालकाचा शेडमध्ये फोन आला होता. तू कशी कामाला आहेस विचारत होता. मीच उचलला. अठरा मेला बाराला बोलावलंय, हेही तो बोलला. फार चांगली आहे म्हणून सांगितलं. खोटं कसं बोलू?” मग तो म्हणाला, “दुसऱ्या दिवशी तुला पाट्या सांगितल्या.”

म्हणजे लुडविक वगैरे काही नव्हतंच. या माणसाने माझ्याकडूनच माझा पिंजरा करून घेतला होता, माझेच शब्द घालून, आणि वर गावाला हसायला बोलावलं होतं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मिंका मावशीने कानावर हात ठेवले एवढं सांगते. किल्ली हिसकावून घ्यायला दोघंजण पुढे झाले, पण तो सहा फुटी माणूस आहे, त्याने ती मुठीत धरली आणि मूठ छातीशी.

“अठरा वर्षं आपण दहाची न्याहारी बरोबर करतो,” तो म्हणाला. “उद्यापासून मी ती कोणाबरोबर खाऊ? एवढं सांग, मग देतो.”

दुष्ट माणसाला उत्तर देता येतं. तो रडत होता आणि किल्ली देत नव्हता.

मी सूटकेस उचलली, बंबाच्या कडेने अंग चोरून पुलापार झाले आणि चालू लागले. सवयीने मागून कोणीतरी ओरडलं, पहिल्यापासून, पण त्याला कोणी साथ दिली नाही. खालचं गाव अकरा किलोमीटर. पायी जाऊन बारापर्यंत कोपर काय, खालच्या गावचं स्टेशनसुद्धा गाठणं कठीण, हे मला चांगलं कळत होतं. तरी मी जवळजवळ पळतच होते. दर दोनशे पावलांनी सूटकेसचा हात बदलत होते.

तासाभराने मागून गाडी आली. लोयझे होता. अर्थात दहा वाजून गेल्यावर. तो माझ्या चालीने शेजारून येत राहिला, काच खाली केलेली. म्हणाला, बस, मी सोडतो, जोरात नेतो. मी चालत राहिले. तो तसाच येत राहिला, एक किलोमीटर, दोन किलोमीटर. वळणावर तो मागे पडायचा आणि मला बरं वाटायचं, मग पुन्हा इंजिन ऐकू यायचं.

खालच्या देवळाची बाराची घंटा झाली तेव्हा मी कठड्यावर बसले आणि कोपरला फोन लावला. मालक सभ्य होता. म्हणाला, साडेबारापर्यंत येऊ शकाल का? मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, मग दुसऱ्या बाईंना बोलावतो, वाईट वाटून घेऊ नका. मी त्याचे आभार मानले. का मानले कोण जाणे.

लोयझेने इंजिन बंद केलं होतं. त्याने सगळं ऐकलं होतं.

“गेली?” त्याने विचारलं.

“गेली.”

मग त्याने पलीकडे वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं.

“मग आता घरी?” तो म्हणाला.

आवाज हळू होता, दुखावलेला होता, पण तळाशी आनंद होता. त्याने तो लपवायचा खूप प्रयत्न केला, मी बघत होते. लपला नाही. तो आनंद मी ऐकला नसता तर त्या क्षणी मी गाडीत बसले असते, पाय इतके दुखत होते.

“नाही,” मी म्हणाले, सूटकेस उचलली आणि खाली चालू लागले.