रंगवून झाल्यावर

भार्गवीने पुन्हा एकदा फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन होता. तो खाली ठेवून ती कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. पडद्यावरची खिडकी अजून लुकलुकतच होती.

"आला का गो?" पडवीतून राजाभाऊंनी विचारलं.

"नाही, बाबा."

पुण्याच्या कंपनीचा नोकरीच्या मुलाखतीचा फोन आज यायचा होता. त्यांनी काम दिलं होतं, तेही विचित्रच: तयार साधनं न वापरता, नुसत्या सी भाषेत एक खिडकी उघडायची आणि तिच्यात काहीतरी काढून दाखवायचं. भार्गवीने मांडवीच्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीचा आलेख घेतला. आलेख सुरेख आला, पण क्षणभर स्थिर राहील तर शपथ. पांढरं, निळी रेघ, पांढरं, निळी रेघ. जुनं मशीन धापा टाकत होतं. फोनवर याच कामावर प्रश्न विचारणार आणि आपल्याला आपलीच चूक सापडत नाही, म्हणजे शोभाच.

राजाभाऊ दारात आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरामागची कलमं आणि ही लेक, एवढाच त्यांचा संसार. हातात आंबे उतरवायचा झेला होता. फेब्रुवारीत त्याची जाळी विणायची काही घाई नव्हती, पण हात स्वस्थ बसत नव्हते.

"आढी लावायला असशील ना?"

उतरवलेले आंबे गवतात आढी लावून ठेवायचे, रोज हात फिरवून पिकलेले वेगळे काढायचे, हे आईचं काम. आई गेल्यावर ते भार्गवीकडे आलं. कुठला आंबा तयार झाला, हे ती नुसत्या वासावर सांगे.

"बघू हं, बाबा."

सकाळपासून त्यांनी हे कितव्यांदा विचारलं, कोण जाणे. दर वेळी ती 'बघू' म्हणे, ते मान हलवून जात आणि थोड्या वेळाने झेला घेऊन पुन्हा हजर. माणसाने किती पिच्छा पुरवावा! तिला राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. नोकरी लागली तर आंब्याच्या दिवसांत ती इथे नसणार, हे तिला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असणारच.

तिने कोड वरून वाचायला घेतला. विंडोज प्रोग्रामला निरोप धाडते: खिडकी रंगव. प्रोग्राम रंगवतो. मग लगेच पुन्हा तोच निरोप का? तिने पुस्तकाची पानं भराभर उलटली आणि कपाळावर हात मारला. रंगवून झालं की तसं कळवायचं असतं. तिने नुसतंच रंगवलं होतं. मग विंडोज बिचारी विचारत राहणार नाही तर काय! आधी 'बिगिनपेंट', शेवटी 'एंडपेंट' अशा आज्ञा घालून तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. निळी रेघ जागच्या जागी थांबली.

तेवढ्यात फोन वाजला.

पलीकडच्या बाई मोजकंच बोलत होत्या. रंगवण्याचा निरोप थांबतच नसेल तर काय चुकलं असेल, असं त्यांनी विचारलं.

"विंडोजला उत्तर मिळालेलं नसतं," भार्गवी म्हणाली. "आपण 'झालं' असं सांगत नाही, तोवर ती विचारतच राहते."

बोलता बोलता तिची नजर पडवीकडे गेली.

फोन ठेवला तेव्हा राजाभाऊ दारातच उभे होते.

"घेतलं त्यांनी. एप्रिलात रुजू व्हायचंय."

"वा! नाव काढलंस गो." त्यांचा चेहरा खरोखरच फुलला होता. मग सवयीने म्हणाले, "पण आढी लावायला..."

"नाही, बाबा. यंदा मी नसेन."

"बरं," ते म्हणाले आणि पडवीत गेले.

संध्याकाळी चहा घेताना ते खूप बोलले. राजापूरच्या आत्याला कळवायला हवं, एवढं सामान एसटीने न्यायचं की रेल्वेने, पुण्यात पाणी कसं असतं. आढीचं नाव नाही. भार्गवी उठली, बसली, कप विसळून आली, पुन्हा बसली. आणखी एकदा विचारा ना, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

शेवटी तिनेच विषय काढला. "बाबा, आढीचं काय करणार तुम्ही?"

"सांगितलंस ना तू," राजाभाऊ म्हणाले. "झालं की मग."

त्यांनी मांडीवरचा झेला उचलून भिंतीला टेकवून ठेवला. जाळी अर्धीच विणलेली होती.