मागे सरणारं शिसं

दुकानवाल्या बाई फार बोलल्या नाहीत. खटक्याच्या लाकडी पेन्सिलींचा पुठ्ठ्याचा खोका त्यांनी टेबलावर ठेवला, एक पेन्सिल उचलून कागदावर टेकवली, आणि शिसं सुळ्ळकन आत गेलं. दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच. गिऱ्हाईक आमच्या तोंडावर आणून टाकतं, एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

थोरलीने खोक्याकडे पाहिलं आणि तिला मनातून बरंच वाटलं. लाकूड कातायचं काम तिचं. विकत आणलेल्या किटमधले पितळी भाग प्रेसवर दाबून पेन्सिल जोडायची ती धाकटी जाऊ. शिसं मागे जातं म्हणजे जोडणी वाईट, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

दोघींचा छत्तीसचा आकडा होता. थोरलीचा नवरा गेला त्या वर्षापासून दोघींचं बोलणं बंद होतं, आणि एका छपराखाली, मध्ये प्लायवुडची भिंत घालून, दोघी मिळून एक पेन्सिल बनवत होत्या. निरोप दीर न्यायचा. तो धाकटीचा नवरा, रंग-पॉलिश त्याचं. इकडचं तिकडे सांगताना तो बिचारा सारखा घसा खाकरायचा.

"भावजी," थोरली म्हणाली, "तिला सांगा, प्रेस दाबायची असते, कुटायची नसते."

दीर गेला आणि आला. धाकटीचं म्हणणं होतं की जोडणीत काडीचा दोष नाही, लाकडात बघा. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठीक आहे, लाकडात बघू, म्हणून तिने खोका आपल्या लेथशेजारी ओढला आणि धाकटीचं खापर तिच्याच डोक्यावर फोडायचं ठरवून कामाला बसली.

आधी तिने शिसं बदललं. कदाचित बारीक आलं असेल. फरक पडला नाही. टोक काढून आतला, शिसं धरून ठेवणारा पितळी चिमटा पाहिला. डिंकाचा थेंब नाही, तुटलेला तुकडा नाही. प्रेसवर वाकडं बसलंय का म्हणून पेन्सिल काचेवर लोळवली, ती सरळ लोळली. थोरलीला खरा राग आला तो इथे, कारण जोडणी खरंच चांगली होती.

मग तिने एका पेन्सिलीची मागची टोपी ठोकून बाहेर काढली आणि टोपीशिवाय शिसं कागदावर दाबलं. शिसं हललं नाही. टोपी परत बसवली, शिसं आत. म्हणजे टोपी आतल्या यंत्राला सतत दाबून धरत होती. खटका कायम दाबलेला, चिमटा कायम उघडा. यंत्राला लाकूड आखूड पडत होतं.

आखूड कसं पडेल? ती नेहमीच्या मापाने कापत होती. लाकडाच्या आत बसणाऱ्या किटमधल्या नळ्या जरा लांब आल्या होत्या खऱ्या, पण नळ्या नेहमीच ओबडधोबड येतात आणि ती त्या घासून मापावर आणते. तिने जुन्या किटमधलं एक शिल्लक यंत्र शोधलं आणि दोन्ही शेजारी धरली. नवं यंत्र दोन मिलिमीटर लांब होतं.

किट बदललं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती प्लायवुडच्या पलीकडे गेली. धाकटी स्टुलावर बसून टोप्या पुसत होती. थोरलीने दोन्ही यंत्रं तिच्यासमोर आदळली. "किट बदललंस आणि तोंड शिवून बसलीस? माझं काम नासवायला?"

धाकटी उठली नाही. "जाऊबाई, मी त्याच दिवशी निरोप दिला होता. दोन मिलिमीटर जास्त ठेवा म्हणून. तुम्ही मुद्दाम ठेवलं नाहीत."

दोघींनी एकदमच दिराकडे पाहिलं. तो दारात पॉलिशचा बोळा घेऊन उभा होता.

"मी नाही सांगितलं," तो म्हणाला.

विसरला असेल असं दोघींना वाटलं, पण तो विसरला नव्हता. इतकी वर्षं तो दोघींच्या निरोपांतले काटे काढून उरलेलं पोचवत होता. त्या दिवशीच्या निरोपात माप कुठे आणि काटा कुठे हे त्याला वेगळं करता येईना, म्हणून त्याने तो अख्खा गिळला होता.

"काय काटा होता एवढा?" थोरलीने विचारलं.

"नका विचारू, वहिनी."

"सांगा. ऐकू दे मलाही."

तो कंटाळला होता; त्याच्या चेहऱ्यावर भीतीही उरली नव्हती. त्याने बोळा खाली ठेवला. "ही म्हणाली, दोन मिलिमीटर जास्त ठेवायला सांगा, पण ज्या बाईला शेजारी झोपलेल्या नवऱ्याचं दुखणं कळलं नाही, तिला दोन मिलिमीटर काय कळणार. आणि परवा तुम्ही म्हणालात, हिला माझ्या नवऱ्याने दयेपोटी घरात आणली, नाहीतर हिच्या बापाच्या दारात कोण उभं राहत होतं. अजून पुष्कळ आहेत. सगळे सांगू?"

लेथचा पट्टा पलीकडे रिकामाच फिरत होता. थोरली तो बंद करायला विसरली होती.

"तू म्हणालीस हे?" तिने विचारलं.

"म्हणाले," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आणि तुम्ही?"

"मीही म्हणाले."

माफी कुणी मागितली नाही. थोरली आपल्या जागी परतली. लेथचा पट्टा बंद करून ती स्टुलावर बसली. नवऱ्याचं दुखणं तिला कळलं होतं. त्याने कुणाला सांगू नकोस म्हटलं म्हणून ती गप्प राहिली होती. हे धाकटीला सांगावं असं एकदा तिच्या ओठांवर आलं. मग वाटलं, तिला का सांगू?

ती उठली. काळ्या लाकडाची दोन मिलिमीटरची बारीक चकती कातून तिने भोक पाडलं आणि ती टोपीखाली बसवली. शिसं कागदावर घट्ट उभं राहिलं. वाया गेलेला सगळा खोका असा वाचणार होता. काळी कड दिसायलाही वाईट नव्हती.

पेन्सिल घेऊन ती स्वतःच पलीकडे गेली. धाकटीने ती उलटसुलट पाहिली, टोक टेबलावर जोरात दाबलं, दोष सापडतो का बघत. सापडला नाही.

"कडेला गुळगुळीत करा अजून," ती म्हणाली.

"ते मला शिकवू नकोस. आणि यापुढे माप तुझ्या तोंडाने सांगायचं. नवऱ्याला पाठवायचं नाही."

"सांगेन. पण गोड बोलायची अपेक्षा ठेवू नका."

"ठेवलीय कुणी?"

दीर केव्हाच अंगणात जाऊन बसला होता. दोघींपैकी कुणीही त्याला आत बोलावलं नाही.